पोस्टमनमामांची खानेसुमारी

पोस्टमनमामांना आमच्या राजारामपुरीतली माणसं तोंडपाठ होती. कुठल्या घरात किती डोकी, कोण कमावतं आणि कोण नुसतं खुर्चीत बसून सल्ले देतं, हे त्यांना दारातल्या चपलांवरून कळायचं. मी हे कौतुकानं लिहितोय असं वाटेल. पण खरं सांगतो, त्या माणसावर मी चार-पाच वर्षं जळलो.

नव्वदच्या दशकात मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी आमच्याच पिनकोडची पाहणी करत होतो. लोकसंख्या, शिक्षण, व्यवसाय, राहणीमान असा लांबलचक छापील फॉर्म होता. तो घेऊन दारात गेलो की माणसं एकदम गरीब व्हायची. दोन दुकानांचा मालकसुद्धा "काय न्हाय ओ, चाललंय आपलं" म्हणायचा. तेवढ्यात मामा सायकल टेकवून "वैनी, पत्र हाय!" असं गल्लीभर ओरडायचे, की त्याच घरात चहाचं आधण चढायचं. मला फाटकाबाहेर ताटकळत ठेवणारी बाई त्यांना जावेशी झालेलं भांडण पहिल्यापासून सांगायची. माझ्या पोटात दुखायचं.

एका नव्या अपार्टमेंटमध्ये "सातजण" एवढंच सांगून माझ्या तोंडावर दार लागलं. मी कुटुंबातील व्यक्ती सात, असं लिहिलं. मामा जिन्यात भेटले, फॉर्म बघून हसायलाच लागले.

"सर, कुटुंब कसलं? गारगोटी-कागलची पोरं हायत, क्लासला आल्यात. सातांची सात आडनावं. घरची पत्रं मीच टाकतो की त्यांची."

मी मुकाट्यानं खोडलं. मग हेवा गिळून म्हटलं, "मामा, एक रविवार बसू. तुम्ही सांगा, मी लिहितो." माझा अख्खा प्रबंध त्यांच्या डोक्यात तयार पडला होता.

"न्हाय सर," ते म्हणाले. "पाकिटावरचं वाचायची माझी नोकरी हाय. आतलं ज्येचं त्येनं आपल्या तोंडानं सांगायचं."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

शेवटी फॉर्म राहिला आमच्याच घराचा. कुणाला विचारायची गरजच नव्हती. आईच्या नावापुढं 'शिक्षण: सातवी, व्यवसाय: घरकाम' लिहीत होतो, तेव्हा मामा टपाल द्यायला आले. वाकून बघत म्हणाले, "सर, काकूंच्या शिक्षणाचं तेवढं पेन्सिलीनं लिवा." आता हा माणूस माझ्या घरातही नाक खुपसतोय, असं वाटलं. मी पेनानंच लिहिलं आणि वर दोनदा गिरवलं.

काही महिन्यांनी मामा निवृत्त झाले. शेवटच्या फेरीत दारोदार थांबत आमच्याकडे पोचायला त्यांना तीन वाजले. निरोप द्यायचा म्हणून मी मुद्दाम घरी थांबलो होतो. त्यांनी आईच्या हातात लांबट पाकीट ठेवलं.

"काकू, आलंय बरं का."

आईनं ते उभ्याउभ्याच फोडलं, वाचलं आणि त्यांच्या निरोपासाठी आणलेले पेढे त्यांच्यापुढं धरले. "पास झाले हो," ती म्हणाली. मामांनी टोपीनं डोळे पुसले.

शाळा अर्धवट सुटलेल्यांना घरी बसून पदवीचा अभ्यास करता यावा म्हणून एक प्रवेश परीक्षा असते. ती आईनं दिली होती. मी कॉलेजात असताना तिची पुस्तकं पोस्टानं यायची. परीक्षेच्या दिवशी ती मला अंबाबाईला जाऊन येते म्हणाली होती. मला मिळालेला पेढा दुसरा होता.

मामा वळणावर दिसेनासे झाल्यावर मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं की."

"मामांनी वर्षभरात एकदा पण काय विचारलं न्हाई," पाकिटाची घडी घालत आई म्हणाली. "तू पहिल्यांदा मार्क विचारलं असतंस."

'किती मिळाले?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.