भगीरथच्या गिरणीतला तांबूस तांदूळ

पुस्तकावर कोंडा दिसला की माझं डोकंच फिरतं. वैशाखरे गावच्या वाचनालयात मी पुस्तकं सांभाळते, आणि आमच्या लोकांचं त्यांवर चहा, हळद, खोबरेल, सगळं सांडून झालंय. पण कोंडा आणणारा एकच. भाताच्या गिरणीवाला भगीरथ.

"भगीरथदादा, पुस्तक आहे हे, गोण नाय!"

"योगिनीताई, गिरणी चालू असताना वाचतो, मग उडणारच ना," असं म्हणून त्याने बाहीने पुस्तक पुसलं. बाहीवर पुस्तकापेक्षा जास्त कोंडा होता.

दिवाळी झाल्यावर आम्ही वाचनाची पैज लावली होती. संक्रांतीपर्यंत आरोग्यावरची चार पुस्तकं वाचायची आणि शेवटी सगळ्यांसमोर सांगायचं, वाचून घरात काय बदललं. मला वाटलं, शाळेतल्या बाई येतील, फार तर दोन पेन्शनर. पहिलं नाव दिलं भगीरथने! शाळा सुटल्यापासून या गृहस्थाने गोणींवरच्या नावांपलीकडे काही वाचलं नव्हतं.

"आईच्या रक्तात साखर निघालीय," तो म्हणाला. "बघू तरी काय लिवलंय."

चालण्यावरचं पुस्तक त्याने झटक्यात वाचलं. दुसरं अन्नावरचं होतं, तिथे गडी अडकला. तांदूळ पांढराशुभ्र करताना त्याचा वरचा पौष्टिक थर कोंड्यात निघून जातो, असं त्यात होतं. आता भगीरथची गिरणी आमच्या भागात नावाजलेली कशासाठी? शुभ्र तांदळासाठी! भात एकदा यंत्रातून काढलं की तूस निघतं, मग पॉलिशला पुन्हा. लग्नघरचा तांदूळ असला तर आणखी एकदा. मग मूठभर तळहातावर घेऊन गिऱ्हाइकासमोर धरायचा आणि मिशीत हसायचं, एवढीच त्याची ऐट.

"म्हणजे चांगलं ते मी म्हशींना घातलं नि उरलेलं माणसांना," तो माझ्या टेबलासमोर बसून म्हणाला. "आईलापण तेच." चेहरा एवढासा झाला होता. त्या दिवशी मी त्याला पुस्तकावरच्या कोंड्याबद्दल काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्वारीने पॉलिश बंद केलं. एकदाच काढून देणार, न्यायचा तर न्या. तांदूळ निघायचा तांबूस. त्याचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे गणूकाका; त्यांच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता, ते असे खवळले!

"पाहुण्यांना तांबडा भात वाढू? काय अब्रू राहील माझी?"

त्यांनी गोणी टेम्पोत घातल्या आणि मुरबाडच्या गिरणीची वाट धरली. त्यांच्यामागून एकेक करत बाकीचेही गेले. ऐन हंगामात गिरणी बंद पडली. भगीरथ ओट्यावर बसून वाचायचा. पुस्तकं आता अगदी स्वच्छ परत यायला लागली, आणि ती हातात घेतली की मला रडू यायचं.

शेवटी न राहवून मी त्याच्या घरी गेले.

"विकून टाकतो गिरणी," तो म्हणाला. "पूर्वीचं उखळ-मुसळच बरं होतं. पुस्तकातपण हातसडीचा तांदूळच चांगला म्हणलाय."

हे त्याच्या आईने, ताराबाईंनी, आतून ऐकलं. तणतणत बाहेर आल्या.

"मुसळ उचललंस का रे तू कदी? पहाटे उठून सडायचं, हाताला फोड, कंबरेचा भुगा. तू पोटात होतास तवापण सडत होते मी! तुझ्या बापाने ही गिरणी आणली त्या दिवशी मुसळ परसात फेकलं नि पोटभर झोपले. हातसडीचा चांगला म्हणे! कोणाच्या हाताचा, ते लिवलंय का?"

भगीरथ खाली मान घालून बसला. म्हातारी त्याच्याजवळ टेकली. आवाज उतरला.

"आता घरात तुझा एकदाच काढलेला तांदूळ रांधते मी. शिजताना माझ्या मायच्या घरचा वास येतो रे. नि मुसळ नाय उचलावं लागत. अशी गिरणी विकतोस, येड्या?"

भगीरथने डोळे पुसले. माझेही भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

संक्रांतीला पैजेचा शेवट झाला. भगीरथची पाळी आली, तो उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. ताराबाईंनी घरून टोपभर तांबूस भात आणि वालाची आमटी आणली होती. त्या उठल्या आणि सरळ पंगत वाढायला लागल्या. "बोलायचं ते खाऊन बोला." गणूकाकांनी नाक मुरडत पहिला घास घेतला. मग सगळा भात संपवला. मग पुन्हा ताट पुढे केलं.

चार दिवसांनी त्यांचा टेम्पो भगीरथच्या दारात थांबला. "एक गोण तांबडी काढ, घरात खायला," गणूकाका कुजबुजले. "नि एक पांढरी कर. पाहुण्यांना."

"करतो की," भगीरथ म्हणाला. हल्ली तो प्रत्येकाला दोन्ही मुठी दाखवतो आणि ज्याला जो हवा तो देतो.

पैज संपली तरी त्याचं वाचन थांबलेलं नाही. काल एक पुस्तक परत आलं. उघडलं, तर पानापानात कोंडा. ओरडायला मी तोंड उघडलं खरं, पण हसूच फुटलं.