श्रीरंगचं पिस्तूल आणि सीमाची उत्तरपूजा

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या शेजारी राहणारा श्रीरंग उकिडवे कायदा पाळण्याच्या बाबतीत फार कडक. चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही स्टॉपची पाटी दिसली की हा गाडी पूर्ण थांबवणार, डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, मग परत डावीकडे. मागच्याने हॉर्न वाजवला तर आणखी एकदा. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर, वय त्रेपन्न, शाकाहारी, उजव्या गुडघ्याला पट्टा. अशा माणसाने पिस्तूल घेतलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या मराठी घरांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

निमित्त हाइकचं. गेली बारा वर्षं श्रीरंग आणि त्याची बायको सीमा दर शनिवारी सकाळी डोंगरात जातात, ऑक्टोबर ते एप्रिल. बाकीचे महिने इथे दगडसुद्धा भाजून निघतात. मी तिसरा. मला निसर्गाची आवड आहे असं मी सांगतो, पण खरं म्हणजे सीमाच्या डब्यातल्या धपाट्यांची आहे. सीमा पुढे, तो मागे, आणि दोघं चढापासून उतारापर्यंत भांडत चालतात. त्या आवाजाने बारा वर्षांत एकही जनावर जवळ फिरकलं नव्हतं.

मग एका फेब्रुवारीत सीमाला सर्दी झाली, माझा धपाट्यांवाचून उत्साह गेला आणि श्रीरंग एकटाच गेला. वाटेत त्याला जॅवलिना भेटल्या, म्हणजे इथल्या रानडुकरांची चुलत भावंडं. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा त्या पाच होत्या, होळीपर्यंत अकरा झाल्या. हा एका खडकावर चढून चाळीस मिनिटं बसला होता. त्या खाली शांतपणे निवडुंग खात होत्या, हे मात्र त्याच्या तोंडून एकदाच निसटलं.

महिन्याभरात पिस्तूल आलं. आधी अभ्यास आला, अर्थात. व्हिसावर होता तोवर ही वस्तू त्याला बाळगता येत नव्हती. शिकारीच्या परवान्याची एक पळवाट होती, पण वांग्याचे देठसुद्धा हळुवारपणे काढणाऱ्या माणसाने शिकारीचा परवाना कुठल्या तोंडाने मागायचा? आता मात्र चौदा वर्षांनी ग्रीन कार्ड हातात होतं. ॲरिझोनात एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. श्रीरंगने तोही काढला. ‘लागत नाही तर काढलास कशाला?’ मी विचारलं. ‘असावा,’ तो म्हणाला. वर आठ तासांचा क्लास केला आणि तिथे पहिल्या बाकावर बसून वही भरली.

सीमाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. ‘ते कमरेला असेल तर मी येणार नाही.’

‘अगं, एकदम लीगल आहे!’

‘मी कुठे इल्लीगल म्हणाले? मी येणार नाही म्हणाले.’

आणि ती खरंच येईना. उरलेला सगळा सीझन आम्ही दोघंच. भांडायला कोणी नाही, डब्यात दुकानातले सँडविच. श्रीरंगची चालच गेली. पुढे सीमा नसली की किती भरभर चालायचं हेच त्याला कळत नव्हतं. एकदा त्याने स्पष्ट सांगितलं, ‘यार, तिच्याशिवाय मजा नाही येत.’

‘मग ठेव ना ते घरी.’

‘प्रश्न तो नाहीये,’ तो म्हणाला. काय आहे ते मात्र सांगेना. मला रागच आला. इतका शहाणा माणूस, आणि एका लोखंडाच्या तुकड्यापायी बायकोची सोबत घालवतो म्हणजे काय?

एप्रिलमध्ये एका नॅशनल पार्कात गेलो. अशा ठिकाणी ट्रेलवर पिस्तूल चालतं, पण सरकारी इमारतीत नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरच्या दारावर तशी पाटीच असते. आता श्रीरंगला प्रत्येक पार्कचा शिक्का आपल्या वहीत उमटवून घ्यायचा भारी नाद, आणि शिक्का आत. पिस्तूल गाडीत ठेवायला तो तयार नव्हता, गाडी फोडून कोणी नेलं म्हणजे? शेवटी वही घेऊन मी आत गेलो आणि साहेब बाहेर काचेला नाक लावून मला खुणा करत राहिले, सरळ मार, सरळ! मी शिक्का उलटा मारला. मुद्दाम नाही, असं मी आजही म्हणतो.

मग ऑक्टोबर उजाडला, सीझन सुरू व्हायचा आणि नवरात्र संपायचं एकदमच आलं. उकिडव्यांच्या घरी खंडेनवमीची पूजा जोरदार असते. घरातली सगळी हत्यारं देवासमोर मांडायची: लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, ड्रिल, मिक्सर, सीमाची शिवणाची कात्री. श्रीरंगचे यातले नियम कायद्याइतकेच कडक. पूजेतल्या वस्तूला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि ज्याने पूजा मांडली त्यानेच अक्षता टाकून ती हलवायची, हे त्याच्या आईने घालून दिलेलं. एका वर्षी लॅपटॉप पूजेत आहे म्हणून याने ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली होती.

दर वर्षी पूजा तोच मांडायचा. या वर्षी सीमा म्हणाली, ‘मी मांडते. आणि तुझं ते पण आण. घरात आहे तर पूजा व्हायलाच हवी.’

श्रीरंगला गहिवरून आलं. बायको विरघळली असंच त्याला वाटलं. त्याने पिस्तूल दोनदा रिकामं करून बघितलं, त्याच्या छोट्या तिजोरीत बंद केलं आणि तिजोरी देवासमोर आणून ठेवली. सीमाने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. याने वाकून नमस्कार केला.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. लॅपटॉप सुटला, किल्ल्या सुटल्या, मिक्सर सुटला. तिजोरी जागेवरच.

‘सीमा, ती राहिली.’

‘करीन सावकाश. हिची उत्तरपूजा आजच करायची, असं कुठे लिहिलंय?’

कुठेच लिहिलेलं नव्हतं. श्रीरंगने पंचांग चाळलं, पुण्याला मोठ्या भावाला फोन केला. फ्लॅगस्टाफला नर्स असलेली त्यांची मुलगी रुही व्हिडिओवर हे ऐकून खो खो हसली. ‘बाबा, जस्ट मूव्ह द बॉक्स!’

‘असं कसं मूव्ह द बॉक्स? पूजा आहे ती!’

‘देन शी बीट यू ऑन प्रोसीजर, बाबा.’

कुलपाचा आकडा त्याच्याकडे होता, अक्षता हिच्याकडे. पन्नास राज्यांचे कायदे तोंडपाठ असलेला माणूस झेंडूच्या एका वाळक्या फुलापुढे हतबल होऊन बसला. शनिवारी सकाळी सीमा बूट घालून दारात उभी राहिली, डब्यात धपाटी. मी तर पोट धरून हसलो. श्रीरंग पहिला मैल फुगून होता, दुसऱ्या मैलाला दोघं भांडायला लागले आणि मला फार बरं वाटलं.

असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी वरच्या खडकावर डबा उघडला तेव्हा सीमाने सरळच विचारलं, ‘डुकरांचं सोड. तुला ते खरं कशाला हवंय?’

श्रीरंगने धपाट्याचे लहान लहान तुकडे केले. मग म्हणाला, ‘चौदा वर्षं प्रत्येक गोष्टीची परवानगी मागितली मी. नोकरी बदलू का, आईला भेटायला जाऊ का, गेलो तर परत येऊ देतील का. बाबा गेले तेव्हा व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकेन या भीतीने भारतात गेलो नाही, तुला माहितीये. पिस्तुलाच्या दुकानात त्या माणसाने कार्ड बघितलं, कुठे तरी चेक केलं आणि दहा मिनिटांत म्हणाला, यू आर गुड. मला, सीमा. तिथेच रडू आलं मला. डुकरांना मी कशाला घाबरतोय!’

सीमाने आणखी एक धपाटं त्याच्यापुढे सरकवलं. माझी त्याच्यावर फिदीफिदी हसायची सवय, पण त्या दिवशी मला हसावंसंच वाटलं नाही. उतरताना दोघं भांडलेसुद्धा नाहीत.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी पोचलो तर सीमा आंघोळ करून देवापुढे बसलेली. तिने अक्षता टाकल्या, तिजोरी जराशी हलवली आणि उचलून श्रीरंगच्या हातात दिली. ‘घे. झाली उत्तरपूजा. तुझ्या हक्काचं आहे, मी अडवून ठेवायला नको होतं.’

त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! ‘आणि तू येणार ना?’

‘ते असेल तर नाही. ते मी आधीच सांगितलंय. तू ठरव.’

तिजोरी हातात घेऊन तो उभाच. मी छताकडे बघत बसलो, माझा त्यात काय संबंध? मग तो आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. बाहेर येऊन त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या, नेहमीसारख्या दोन दोन गाठी, आणि पाण्याच्या बाटल्या गाडीत नेऊन ठेवल्या.

सीमा पुढच्या सीटवर बसली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर थांबला तेव्हा तिने विचारलं, ‘काही राहिलं का?’

‘नाही,’ श्रीरंग म्हणाला. ‘सगळं घेतलंय.’