आईचं पहिलं मत

लंडनमधल्या हॅरोच्या एका शाळेत मी हिस्टरी शिकवते. दर वर्षी ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वर्गात नव्या अमेरिकेचा धडा येतो: राजाला घालवून बसलेली माणसं, आता आपलं राज्य आपण कसं चालवायचं म्हणून भांडणारी. तो धडा आला की मला आमचं जुनं किचन आठवतं आणि तेव्हाच्या आईबाबांच्या आठवणीने गलबलून येतं.

कारण हाच धडा मला बाबांनी शिकवला. बाबा भूल देणारे डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवायचे आणि घरी आले की मला झोपू द्यायचे नाहीत. माझं पुस्तक माझ्याआधी तेच वाचून काढायचे. "अगं, मनात आणलं असतं तर तो पहिला अध्यक्ष मरेपर्यंत खुर्चीत बसला असता," ते म्हणायचे. "कायदा काही आडवा येत नव्हता. तरी दोन टर्म झाल्यावर उठला आणि शेतावर गेला. याला म्हणतात माणूस."

आणि हे सांगतंय कोण? तर आमच्या मराठी मंडळाचे, मंडळ निघाल्यापासूनचे अध्यक्ष!

आई गॅसचा हॉब पुसत होती. "त्याची बायको किती वर्षं वाट बघत होती, ते लिहिलंय का त्या पुस्तकात?" ती म्हणाली. आम्ही दोघं हसलो.

बाबांचं आठवडाभर हॉस्पिटल, वीकएंडला मंडळ. हॉलचं बुकिंग, गणपती, दिवाळी, वर पुणेकर-मुंबईकरांची भांडणं मिटवणं. तिकडे अमेरिकेतही गट नकोत, गट नकोत म्हणता म्हणता दोन गट झालेच; आमच्याकडे ते नाटक कुठलं बसवायचं यावरून झाले. आईला शनिवारी बाबांबरोबर वेम्बलीतल्या ईलिंग रोडला भाजी आणायला जायचं असायचं. बास, एवढंच. तेसुद्धा कधी जमलं नाही.

मंडळात कुटुंबाला मिळून एकच मत, आणि ते अर्थातच नवऱ्याचं. मी एकदा बाबांना सुनावलं, "तुमच्या लाडक्या अमेरिकेत सुरुवातीला बहुतेक ठिकाणी जमीनजुमला असलेल्या गोऱ्या पुरुषांनाच मत होतं, बरं का. तुमचं मंडळ अजून तिथेच आहे."

बाबांना ते लागलं. पुढच्याच सभेत त्यांनी स्वतः ठराव आणला: अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एक मत. घरी आले ते छाती फुगवून. "बघ, मिळवून दिलं तुला मत," ते आईला म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली.

अध्यक्षपदाची निवडणूक हात वर करून झाली. मला अजून अठरा पूर्ण व्हायची होती, म्हणून मी आईशेजारी नुसती बसले होते. आधी बाबांच्या बाजूचे हात मोजले. आईचा हात मांडीवरच. तिचं लक्ष नाही असं वाटून मी तिला कोपर मारलं. मग दुसऱ्या उमेदवाराचं नाव आलं आणि आईने बांगड्या मागे सारून सावकाश हात वर केला. स्टेजवरून बाबा बघत होते. आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग त्यांचेही हात वर जायला लागले. बाबा पडले.

गाडी घराशी आल्यावर बाबा म्हणाले, "माझं काय चुकलं, ते तरी सांग."

"काही चुकलं नाही हो. मला तुम्ही घरी हवे आहात."

बाबा बरेच दिवस फुगून बसले. मग एका शनिवारी पिशव्या घेऊन दारात उभे राहिले. त्यानंतर वर्षानुवर्षं ती दोघं बसने वेम्बलीला जायची आणि कुठली वांगी कोवळी होती यावरून भांडत परत यायची. ते भांडण पुन्हा एकदा कानावर पडावं म्हणून मी आज काय वाटेल ते देईन.

आई गेली. बाबा आता माझ्याकडे असतात. गेल्या वर्षी मंडळाने मला अध्यक्ष होण्याची गळ घातली आणि मी हुरळून गेले. समोर दुसरं कोणी उभंच नव्हतं. "कोणाचा विरोध?" असं आपलं रीत म्हणून विचारलं गेलं, तर पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. बाबांचा.

हॉल हसला. मी स्टेजवरून खाली उतरले. "बाबा, काय हे?"

"शनिवारी माझ्याबरोबर भाजीला कोण येणार?" ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या आईला तेव्हा काय वाटत असेल, ते आत्ता कळतंय गं."

त्यांचा हात अजून वरच होता. मी तो धरून खाली घेतला आणि माझं नाव मागे घेतलं.