पंगतीत निघालेली शाळा

माझ्या नणंदेइतकी भांडखोर बाई तुमसर तालुक्यात आजवर झाली नाही, आणि पुढे होईल असं मला तरी वाटत नाही. भाजीवाल्याशी त्या भांडतात, पण तो भाव कमी लावतो म्हणून. एसटीत कंडक्टरशी भांडतात, तो कुणा म्हातारीवर खेकसला म्हणून. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी फार भरभर बोलते म्हणून तिच्याशीही भांडतात, आणि ती उलटून उत्तर देत नाही याचा त्यांना मनापासून राग येतो. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "वेळच नाही भेटला." मी या घरात आले तेव्हा सगळ्यांनी मला सासूबाईंना सांभाळून राहायला सांगितलं होतं. सासूबाई गरीब गाय निघाल्या. ताईंनी मात्र पहिल्याच सकाळी भांडण काढलं. नव्या नवरीनं इतक्या लवकर उठून भांडी कायले घासायची, म्हणून मला हाताला धरून परत झोपायला पाठवलं.

त्या वेळी ताई तुमसरच्याच एका शाळेत गणित शिकवत. तिथून त्या कशा सुटल्या आणि त्यांची स्वतःची शाळा कशी निघाली, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण शाळा निघाली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून जेवत होते.

एकोडीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. पंगतीत आमच्या समोर तिथलेच एक शेतकरी आणि त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. ओळखपाळख झाली. "हे आमची पल्लवी," ते कौतुकानं म्हणाले, "कामात लय चलाख आहे. शाळेत मात्र एकदम ढ."

ताईंचा घास हातातच राहिला. "कोणं ठरवलं?"

"मास्तरच म्हणते ना बाई. चौथीत गेली, पण अजून वाचता नाही येत."

ताईंनी वडिलांना तिथंच सोडलं आणि मुलीकडे वळल्या. "पुस्तक उघडलं का काय दिसते गं तुले?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. तिनं पत्रावळीतली एक काडी ओढून काढली. मग हळूच म्हणाली, "अक्षरं हालतात. भ पाहाले गेली का म होते. एक पकडलं का दुसरं पळते."

"अशी पोरं असतात," ताई वडिलांना म्हणाल्या. "डोकं चांगलं असते, फक्त अक्षरं दगा देतात. त्यायले वेगळ्या तऱ्हेनं शिकवा लागते."

"कुठी शिकवते तसं?"

"आमच्या शाळेत."

"कुठी आहे तुमची शाळा?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मी बुंदी वाढून घेत होते. "हिच्या घरी," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

अशी ती शाळा निघाली. पल्लवी आमच्याकडे राहायला आली, पाठोपाठ गावातली आणखी दोन-चार मुलं आली, आणि ताईंनी आपल्या हेडमास्तरांशी एकदाचं शेवटचं भांडून नोकरी सोडली. आमची बैठक गेली. तुमसरला राईस मिलांचा काही तोटा नाही. ताई पोतं भरून कोंडा आणायच्या, परातीत पसरायच्या आणि मुलांना बोटानं त्यात अक्षरं गिरवायला लावायच्या. त्या काळात आमच्या घरात कोंडा नसलेली एकच जागा होती, ती म्हणजे पोतं. वरणात कोंडा, गादीत कोंडा, ऑफिसला निघालेल्या ह्यांच्या कॉलरवर कोंडा. पाढे उड्या मारत म्हणायचे, त्यामुळे तेराचा पाढा सुरू झाला की माझ्या फडताळातल्या बरण्या वाजायच्या. कणकेची अक्षरं वळायची त्यांची आणखी एक पद्धत होती. एकदा घाईत मी त्यातला भ तळून काढला. ताई खवळल्या, पण पल्लवीनं तो हातात घेतला, त्याच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि खाता खाता म्हणाली, "याचा माथा उघडा आहे. मचा बंद असते." त्यानंतर ही दोन अक्षरं तिच्या हातून कधी निसटली नाहीत, आणि मला आठवडाभर बाराखडी तळावी लागली.

मुलं वाढली तशी शाळा एका बंद पडलेल्या मिलच्या गोदामात गेली, आमच्या बैठकीत कोंड्याची पोती तेवढी उरली. मालकानं ते कसं दिलं हे विचारू नये. मला वाटतं, भांडण टाळायला त्यानं किल्ली दिली. पण तिथं पाटी लागली, आणि पाटीबरोबर लोकांची तोंडंही सुटली. 'येड्यायची शाळा' असं नाव पडलं. दोन मुलं गळाली. मग एका उन्हाळ्यात सुटीला गेलेली पल्लवी परत आलीच नाही. वडिलांनी निरोप धाडला, "लोक पोरीले येडी म्हणून राहिले. उद्या सोयरीक कोण आणील? आता नाही पाठवत."

आता ताई एकोडीला जाऊन आकाशपाताळ एक करणार, या भीतीनं मी सोबत गेले. पण त्या भांडल्याच नाहीत. रोवणीचे दिवस होते. घरातले सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात वाकून धान लावत होते. ताईंनी पदर खोचला, चपला धुऱ्याच्या बांधावर ठेवल्या आणि पल्लवीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. शाळेचं नावही काढलं नाही. जन्मात धान लावलं नव्हतं त्यांनी. बाकी बायांच्या ओळी सरळ जायच्या, ताईंची ओळ निघायची आणि मध्येच कुठे तरी वाट चुकायची. कुठे रोपांचा झुबका, कुठे नुसताच चिखल. पल्लवी मागून येऊन रोपं उपटून पुन्हा लावायची आणि सांगायची, "घाई नका करू ताई. हळू लावा. जमते."

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा पदर खोचायला लागल्या तसे पल्लवीचे वडील धुऱ्यावरून धावत आले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, पोरीले घेऊन जा. पण माह्या बांधीतून निघा!"

बायका वाकल्या जागी हसत सुटल्या. पल्लवीही हसली. तेही हसले आणि लेकीकडे बघत ताईंना म्हणाले, "हे पोरगी शिकवते बी चांगली, नाही का? आवाजही नाही चढवत."

"मी तेच तर सांगून राहिली होती," ताई म्हणाल्या. सांगितलं त्यांनी काहीच नव्हतं.

पल्लवी लेखनिक घेऊन दहावी-बारावी झाली. आता ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकते आणि तिची धाकटी बहीण आपणहून ताईंच्या शाळेत येते. शाळेला मान्यता मिळाली, अशा मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या दोन तरुण शिक्षिका नागपूरहून आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलांची नीट तपासणी केली, वर्गात पंखे लावून घेतले. ताई ते सगळं मागे हात बांधून पाहत राहिल्या. एका शनिवारी त्या घरी आल्या आणि सोमवारी शाळेत गेल्याच नाहीत. मला वाटलं, भांडण झालं.

"भांडण कायचं?" त्या म्हणाल्या. "पोरी हुशार आहेत. पण मी तिथं असली का सारी पोरं मलेच बिलगतात. त्या बिचाऱ्यायजवळ मग कोण जाईल?"

त्याला आता वर्ष होत आलं. कोंड्याची पोतीही शाळेत गेली, बैठक माझी मला परत मिळाली आहे, आणि तिचं काय करायचं हे मला सुचत नाही. सकाळी नाकाडोंगरीकडून मुलांना घेऊन येणारी शाळेची गाडी आमच्या दारावरून जाते. तिचा हॉर्न वाजला की ताई चहाचा कप ठेवून दाराच्या पल्ल्यामागे जाऊन उभ्या राहतात. पल्ला अरुंद आहे आणि ताई तशा रुंद. गाडी गेली की त्या मला विचारतात, "दिसली नाही ना मी त्यायले?"

गाडीच्या एकूण एक खिडकीतून हात बाहेर आलेले असतात.

"नाही ताई," मी सांगते, "कुणालाच नाही."