बन्सी शिंप्याचं कळसदर्शन

९ फेब्रुवारी १९४७, रविवार. नेवाशाचा बन्सी शिंपी बेलापूर स्टेशनात गाडीत बसला तेव्हा त्याच्या कनवटीला एकशे अठरा रुपये आठ आणे होते. त्यातले अठ्ठावन्न रुपये आठ आणे त्याचे स्वतःचे; लढाईच्या वर्षांत नगरला एका ठेकेदाराकडे खाकी कपडे शिवून शिल्लक टाकलेले. बाकीचे साठ मुक्ताबाईनं वाटखर्चाला दिलेले.

मुक्ताबाई त्याच्या दुकानामागच्या आळीत राहायची. नवरा लवकर गेलेला, घरची चार एकर जमीन वाट्यानं दिलेली. एकुलता एक मुलगा गोरक्ष पलटणीत ड्रायव्हर झाला आणि १९४४ साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर मारला गेला. तार आली. बाकी काही आलं नाही. बन्सी पशुपतिनाथाला निघाल्याचं कळलं, तशी ती फडक्यात बांधलेले पैसे आणि बेलाची पाच पानं घेऊन दुकानात आली.

"माझं पोर तिकडं उगवतीच्या डोंगरात पडलं," ती म्हणाली. "त्या डोंगरातला मोठा देव त्योच. शिवरातीला त्याच्याम्होरं हुबा ऱ्हा, ही पानं वाहा आन् माझ्या लेकराचं नाव घे. माझं गुडघं चालत न्हाईत, न्हाईतर तुला कशाला गळ घातली असती?"

"मावशी, नाव घ्यायला असा किती वेळ लागतोय?" बन्सी म्हणाला. "समजा घेतलंच."

बन्सी कबूल करायचा नाही, पण त्याला देवाची ओढ नव्हती. नगरच्या छावणीत एक गुरखा हवालदार त्याच्याकडे कपडे आल्टर करायला यायचा. डोंगरांच्या मधोमध आमच्या राजाचं गाव आहे, तिथं मोटारी आहेत पण मोटारीचा रस्ता नाही. माणसं मोटार खांद्यावर घेऊन डोंगर चढतात, असं तो सांगायचा. आमच्या अंगरख्याला एक बटण नसतं, सगळे बांधायचे बंद, असंही सांगायचा. बटणाशिवाय अंगरखा अंगासरशी बसतो कसा, हे बन्सीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण नेपाळात तेव्हा बाहेरच्या माणसाला सहजासहजी जाता येत नसे. शिवरात्रीच्या सुमारास यात्रेकरूंना तेवढे थोड्या दिवसांचे परवाने मिळत. शिवाय यात्रेला निघालेल्याला घरचं माणूस अडवत नाही. गाव बघायला जातो म्हणाला असता, तर त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, कात्री घेऊन दारात ठाण मांडलं असतं.

मनमाडला त्याला कोल्हारचे काकासाहेब भेटले. गुळाचे व्यापारी, वय साठीकडे झुकलेलं, जिभेला धार. तेही पशुपतिनाथालाच निघालेले. दोघांनी सोबत करायचं ठरवलं. अलाहाबाद, गंगेवरची आगबोट, मग रक्सौल. तिथं परवाने घेतले. पुढं एक लहानशी रेल्वे, मग लॉरी, आणि भीमफेदीपासून दोन दिवस पायी. शेवटच्या चंद्रागिरीच्या घाटात खरोखरच बांबूंवर बांधलेली एक मोटार पन्नास-साठ माणसं ओढत नेत होती. बन्सी रस्त्याच्या कडेला बसून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

"चला, शिंपीबुवा," काकासाहेब म्हणाले. "देव खाली बसलाय. मोटारीत न्हाई बसला."

शिवरात्रीच्या आधी दोन दिवस ते काठमांडूला पोचले. गाव नगरपेक्षा काही फार मोठं वाटलं नाही, पण जिकडं बघावं तिकडं कोरलेल्या लाकडाच्या खिडक्या, आणि वर बर्फाचे डोंगर. बन्सी पहिला दिवस नुसता भटकला. दुसऱ्या दिवशी बाजारात एका शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसला. एकमेकांची भाषा कळत नव्हती, पण त्या माणसानं अंगरखा उलटा करून सगळे बंद दाखवले. आतून दोन, बाहेरून दोन, पुढची एक बाजू दुसरीवर. बन्सीनं कागद मागून कापून बघितलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. शिंप्यानं त्याला चहा पाजला. संध्याकाळी धर्मशाळेत परतल्यावर काकासाहेबांनी विचारलं, "देवाकडं जाऊन आलास?"

"उद्या शिवरात्र हाय ना? उद्याच जायाचं."

मंगळवारी पहाटे दोघं रांगेत उभे राहिले. थंडी बोटांत शिरत होती. दिवस वर आला तरी रांग वीस-पंचवीस हात सरकली असेल. तेवढ्यात पुढच्या एका बिहारी यात्रेकरूनं सांगितलं, दुपारी मोठ्या मैदानावर सगळी फौज उभी राहते, तोफा सुटतात. पलटणीचे कपडे. बन्सीनं दोन वर्षं खाकी शिवलेली. या राजाच्या फौजेचे गणवेश कसे असतील, हे त्याच्या मनात शिरलं ते निघेना.

"काकासाहेब, मी जरा पाय मोकळे करून येतो. जागा राखा."

"जागा राखायला ही काय एस्टीची खिडकी हाय व्हय? ऱ्हायचं तर ऱ्हा."

त्या काळी एस्टी नव्हती. काकासाहेब नुसते 'मोटारीची खिडकी' म्हणाले असतील. बन्सीला मात्र पुढं नेहमी तसंच आठवायचं, एवढं खरं.

तो रांगेतून निघाला आणि नदी ओलांडून पलीकडच्या चढावर गेला. देवळात ज्यांना जाता येत नाही, ती परधर्माची माणसं तिथूनच बघतात. दोन गोरे साहेब दुर्बीण लावून उभे होते. बन्सी त्यांच्या शेजारी उभा राहिला. सोन्याचं छप्पर उन्हात झळकत होतं. कळसाचं दर्शन झालं की देवाचं झालं, असं आपल्याकडे म्हणतात. बन्सीनं तेच मनाशी म्हटलं, हात जोडले आणि मैदानाची वाट धरली. तोफा सुटल्या. ओळीच्या ओळी जवान उभे होते, आणि तो कुणाची बाही खांद्यात आखडते, कुणाची पॅन्ट मागून झोळते, ते बघत दिवस बुडेपर्यंत तिथं होता.

काकासाहेबांचं दर्शन चार वाजता झालं. गुरुवारी दोघं परत निघाले.

चंद्रागिरीच्या माथ्यावर बन्सी वळला, गाव पुन्हा एकदा बघावं म्हणून. तपकिरीसाठी बंडीच्या खिशात हात घातला, तर हाताला फडकं लागलं. आत पाच पानं, वाळून कडकडीत झालेली. नाव घ्यायचं राहिलंच होतं. रांग सोडली त्याचं एवढं नव्हतं. पण चार दिवसांत ते नाव एकदाही मनात आलं नव्हतं. हजारभर जवान समोर बघितले, तेव्हाही नाही. काकासाहेब पुढं होते. त्यानं पानं दरीत टाकली आणि नाव घ्यायला तोंड उघडलं. पण ते त्याला तिथं घेववेना. तो तसाच खाली उतरला.

नेवाशाला पोचला तेव्हा गावाच्या शिरस्त्याप्रमाणं त्याला वेशीवर थांबवलं. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवून मग घरात घ्यायचं. पहिली आली मुक्ताबाई. परात, तांब्या, हळदकुंकू. तिनं वाकायला किती वेळ लावला ते सगळ्यांनी बघितलं. बन्सी पाय मागं घेऊ लागला.

"राहू दे, मावशी. तुझं गुडघं..."

"गप ऱ्हा. तू माझ्यासाठी डोंगर चढलास."

पाय धुतले. परातीतलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं आणि प्याली.

"नाव घेतलंस का रं?"

"घेतलं."

"कसं घेतलंस?"

"गोरक्ष म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. पानं वाहिली."

तिनं डोळे मिटले. मागं आणखी आठ-दहा बाया तांबे घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाय धुतले. काकासाहेबांनी वाटेत दिलेला प्रसाद बन्सीनं सगळ्यांना वाटला.

दोन महिने गेले. मुक्ताबाई रोज दुकानावरून जाताना थांबायची, आता रात्री झोप लागती म्हणायची, आल्यागेल्याला सांगायची, "ह्यानं माझ्या पोराचं नाव देवाच्या कानावर घातलं." बन्सीचं मशीन तेवढा वेळ थांबायचं. बंदांचा अंगरखा त्यानं शिवायला घेतला होता. तो अर्धाच घडी करून फळीवर ठेवला.

बाजारच्या दिवशी काकासाहेब दुकानात आले. ओट्यावर बसतात न बसतात, तोच मुक्ताबाई आली. तिला कळलं की हेच बन्सीचे सोबती, तशी ती त्यांच्याही पाया पडली आणि देवासमोर नाव घेतल्याची, आपण त्याचे पाय धुवून पाणी प्याल्याची सगळी हकीगत तिनं त्यांनाच सांगितली. काकासाहेब ऐकत राहिले. ती गेल्यावर म्हणाले,

"मी काय बोलनार न्हाई. देवाकडं न्हाई गेलास, तो तुझा न् देवाचा हिशेब. पर म्हातारीकडनं पाय धुवून घेतलेस?"

बन्सीनं सुईत दोरा ओवायला घेतला.

"आन् तिला पानी पिऊ दिलंस," काकासाहेब म्हणाले, आणि चहा न घेता उठले.

त्याच दिवशी दिवेलागणीला बन्सी तिच्या ओसरीवर गेला आणि सगळं सांगितलं. रांग, पलीकडचा चढ, तोफा, दरीत टाकलेली पानं. मुक्ताबाई ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाली, "मी ते पानी प्याले रं."

"मावशी, पैसे परत करतो. एकदम न्हाई जमायचे."

ती नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "कर."

मग दर महिन्याच्या एक तारखेला बन्सी अडीच रुपये घेऊन जायचा. ती दारात यायची, मोजायची, आत जायची. बस म्हणायची नाही. राहीबाई एकदा म्हणाली, "मी जाते ना द्यायला." बन्सी म्हणाला, "न्हाई. मलाच जाऊ दे." दुकानावरून जायची वाट मुक्ताबाईनं सोडली; नदीला जाताना ती लांबून, देवळाच्या मागनं जायची, दुखऱ्या गुडघ्यांनी. बन्सीला ती तिकडून जाताना दिसायची. पुढं कुणी यात्रेहून आलं, की बन्सी वेशीवर जात नसे.

मुक्ताबाई एप्रिल १९४९ मध्ये वारली. मागं कुणी नव्हतं. तोवर तेवीस हप्ते पोचले होते. बन्सीकडून तिला अडीच रुपये येणं आहे.