भट्टीवरच्या यंत्राची वेळ

मुलुंडच्या कारखान्यातल्या इंजिनिअर बाईंमुळे मी वाचलो. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की अजून तो दिवस आठवतो. त्या संध्याकाळी तपासलं, तर सर्किट बोर्ड डाखायच्या भट्टीतला दिवसभराचा सगळा माल जळालेला निघाला. भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला जोडलेल्या तपासणी यंत्राने बिघाडाची वेळ छापली होती, दोन. दुपारच्या पाळीला भट्टीवर मी एकटाच. "शाळा सोडलीस, आता मुंबई सोड. उद्याची एसटी पकड," सुपरवायझर म्हणाले. बाईंनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. कागदावर शून्य उमटलं. "साहेब, घड्याळ लावलं नाही तर हे चालू केल्यापासूनचे तास मोजतं. सकाळी आठला चालू केलं, म्हणजे बिघाड दहाचा. तेव्हा हा आला तरी होता का?" सुपरवायझरांनी कागद फाडला, पण मला जा म्हणाले नाहीत. पुढे बाईच नोकरी सोडून गेल्या. मी अजून त्यांना शोधतोय. भेटल्या की हे उपकार फेडीनच.