वेरूळ सोडून वाळूजला: छापलेला कोअर बघायला

लोक छत्रपती संभाजीनगरला जातात ते वेरूळ बघायला. मी गेलो धातूचा एक छापलेला तुकडा बघायला. अशीच हौस असेल तर अहिल्यानगरहून सकाळी सहाची एसटी धरा, डावीकडं बसा (ऊन उजवीकडून येतं) आणि शहरात न शिरता अलीकडं वाळूजलाच उतरा. वाटेत पोहे खाऊ नका. मी खाल्ले, त्यावर आणखी बोलणार नाही.

बोलावणं झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याचं होतं. त्यांचा साचा मी केलेला. रोज हजारो झाकणं काढतो, नऊ वर्षं बिनतक्रार. आता साचा माझाच ठेवून त्यातला कोअर, म्हणजे झाकणाला आतून आकार देणारा भाग, त्यांनी लेसरनं धातूची पूड वितळवून थर चढवणाऱ्या थ्रीडी प्रिंटरवर करून आणला होता. तो बसवून द्यायला मी. चालला तर पुढच्या आठ साच्यांचे कोअरही छापूनच येणार आणि माझं निम्मं वर्कशॉप रिकामं होणार. आपल्या जागी येणाऱ्याला आपणच खुर्ची पुसून द्यायची, हा मान फार थोड्यांना मिळतो.

कारखान्याच्या इंजिनिअर जाधव मॅडम, वयानं माझ्या लेथपेक्षा लहान, कोअर घेऊन आल्या. मी व्हर्नियर लावला.

"मॅडम, तीन दशांश मिलिमीटर जास्त भरतोय. लेसरचा हात हलला वाटतं?"

"मुद्दाम ठेवलंय, काका. छापलेला माल खरबरीत येतो. शेवटचं माप ग्राइंडरवर तुम्हीच काढायचंय."

हे ज्ञान चहाबरोबर फुकट मिळालं. चहा गोड होता.

दुपारी कोअर बसला. माझ्या कोअरमध्ये गार पाण्यासाठी ड्रिलनं पाडलेली सरळ भोकं. याच्यात पाण्याची वाट झाकणाच्या आकाराबरोबर वळत जाते. पूर्वी सव्वीस सेकंदांनी झाकण पडायचं. माझ्या घड्याळात एकोणीस. घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधून मोजलं. एकोणीसच.

वीस वर्षं त्याच मशीनवर असलेले साळवे खूश. "लई भारी पळतंय की उस्ताद! तुमचा जुना कोअर द्या, टेबलावर कागद दाबायला व्हईल."

मी पाण्याच्या नळीकडं बघत होतो. "पाणी कुठलं?"

"बोअरचं. किटलीला बघा, कसं पांढरं पुट चढतंय."

माझ्या सरळ भोकात सळई घातली की हे पुट निघतं. त्या वळणांत सळई कुठं शिरणार? काही महिन्यांत वाट तुंबणार, झाकणं वाकडी पडणार, आणि आठही साच्यांचे कोअर मुकाट्यानं माझ्याकडं येणार. मला फक्त तोंड मिटून इथला मटणाचा नान खलिया खायला शहर गाठायचं होतं.

गेटपर्यंत गेलो. परत आलो.

"मॅडम, या पाण्यावर हा कोअर वर्ष काढायचा नाही. टाकी वेगळी करा, क्षार काढलेलं पाणी भरा, तेच फिरवत ठेवा." वर नळीच्या मापांसकट चित्रही काढून दिलं. मॅडमनी फोटो घेतला.

साळवेंनी कपाळावर हात मारला. "उस्ताद, गप बसायला काय झालं व्हतं?"

नान खलियासाठी जुन्या शहरात वेळेत जा. मी उशिरा गेलो; नान आणि रस्सा मिळाला, मटणाची हकीकत ऐकायला मिळाली.

घरी बायकोनं विचारलं, "काम राहिलं का गेलं?"

"कोअर गेले. माप काढणं, बसवणं राहिलं."

"मग पाण्याचं सांगितलं कशाला?"

"साचा माझा आहे. त्यातून वाकडं झाकण पडलेलं चालायचं नाही," मी रुबाबात म्हणालो. मग वर्कशॉपमध्ये जाऊन कोअरच्या दोन मशिनींवर कापड घातलं.